मेडिकल वैध, पायलट अनफिट: जर्मनविंग्ज ९५२५चं प्रकरण

आंद्रेआस लुबित्स या २७ वर्षांच्या सहवैमानिकाचं क्लास वन मेडिकल, म्हणजे उड्डाणासाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, २८ जुलै २०१४ला निघालं होतं आणि त्याची मुदत १४ ऑगस्ट २०१५पर्यंत होती. २४ मार्च २०१५ला बार्सिलोनाहून ड्यूसेलडॉर्फकडे निघालेलं एअरबस ए३२० त्याने फ्रेंच आल्प्सच्या डोंगराला नेऊन धडकवलं, तेव्हा कागदोपत्री तो उड्डाणाला पूर्ण योग्य होता. १४४ प्रवासी आणि ६ कर्मचारी असे दीडशेच्या दीडशे जण गेले. जर्मनीतल्या हाल्टर्न गावच्या एका शाळेतले १६ विद्यार्थी आणि २ शिक्षक त्यांत होते.

हे प्रकरण बहुतेक वेळा कॉकपिटच्या दाराभोवती सांगितलं जातं. दार आतून लॉक, बाहेर कॅप्टन, हातात उरलेली दहा मिनिटं. मला त्यापेक्षा जास्त शिकण्यासारखं वाटतं ते त्या मेडिकलचं प्रकरण. फ्रान्सच्या अपघात तपास संस्थेने, म्हणजे बीईएने, १३ मार्च २०१६ला अंतिम अहवाल दिला. त्यात दार आहेच, पण अहवालाचा खरा भार वैद्यकीय प्रमाणपत्राच्या व्यवस्थेवर आहे. ही व्यवस्था सगळ्या नियमांप्रमाणे चालली आणि तरीही जे घडायचं ते घडलं, म्हणून ते प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

त्या दिवशी

सगळ्या वेळा फ्रान्सच्या स्थानिक घड्याळाच्या आहेत. विमान १० वाजता उडालं आणि १०:२७ला ३८,००० फुटांवर पोचलं. साडेदहाला नियंत्रकाशी शेवटचं नेहमीचं बोलणं झालं. काही सेकंदांत कॅप्टनने रेडिओ सहवैमानिकाकडे सोपवला आणि तो बाहेर गेला. दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज व्हॉइस रेकॉर्डरवर आहे. १०:३०:५३ला ऑटोपायलटची निवडलेली उंची ३८,००० फुटांवरून थेट १०० फुटांवर गेली. इंजिनं आपोआप आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर, आली आणि विमान शांतपणे, गोता न मारता, उतरू लागलं.

मार्सेलचे नियंत्रक पुन्हा पुन्हा हाका मारत राहिले. १०:३४:३१ला दाराचा बझर एकदा वाजला. मग इंटरकॉम, मग टकटक, मग दार उघडण्याची विनवणी करणारे दबलेले आवाज, शेवटी दारावरचे जोरदार घाव. आतून एक शब्दही नाही. श्वासाचा आवाज मात्र शेवटपर्यंत ऐकू येतो, म्हणजे तो शुद्धीवर होता. १०:४१:०६ला रेकॉर्डिंग थांबतं.

त्याच दिवशी सकाळी याच दोघांनी ड्यूसेलडॉर्फहून बार्सिलोनाची फेरी केली होती. त्या फेरीतही कॅप्टन थोडा वेळ बाहेर गेला होता आणि तेवढ्यात सहवैमानिकाने निवडलेली उंची काही वेळा १०० फुटांवर नेऊन परत आणली होती. विमानाला तेव्हा खाली उतरायची परवानगी मिळालेलीच होती, ते उतरतही होतं, म्हणून मार्गात काहीच फरक पडला नाही आणि कोणाला पत्ता लागला नाही. फ्लाइट डेटा रेकॉर्डर वाचला गेला तेव्हाच हे कळलं.

मेडिकल नेमकं काय मोजतं

प्रवासी विमान उडवणाऱ्याला क्लास वन मेडिकल लागतं. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या परिशिष्ट १मध्ये त्याची मूळ चौकट आहे आणि प्रत्येक देश किंवा गट आपले नियम त्यावर बांधतो. युरोपात त्या नियमांना पार्ट-मेड म्हणतात. साधारणपणे वर्षाला एक तपासणी आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी. डोळे, कान, ईसीजी, रक्तदाब, लघवी, रक्त. मनाचं काय, तर परीक्षक डॉक्टर गप्पा मारतो, वागणं बघतो, जुने आजार विचारतो. अर्जावर प्रश्न असतात आणि उत्तरं पायलटाने स्वतः भरायची असतात.

किती जोखीम चालेल हे ठरवायला एक आकडा वापरतात. पायलट एकाएकी निकामी होण्याची शक्यता वर्षाला एक टक्क्याच्या आत असेल तर तो दोन पायलटांच्या विमानात चालतो. हा एक टक्का कुठून आला ते पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वर्षात सुमारे दहा हजार तास धरले, तर वर्षाला एक टक्का म्हणजे दहा लाख तासांत एकदा. हे खूप झालं, कारण वैद्यकीय कारणाने होणारा जीवघेणा अपघात शंभर कोटी तासांत एकदाच व्हावा असं उद्दिष्ट आहे. मधली हजारपटीची दरी भरून काढतो तो शेजारचा पायलट. उड्डाणाचा साधारण दहावा भागच खरा नाजूक असतो, टेकऑफ आणि लँडिंगचा. आणि अशा नाजूक वेळी एक कोसळला तरी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा दुसरा विमान सांभाळतो, असं सिम्युलेटरवरच्या अनुभवावरून धरलेलं आहे. दहा गुणिले शंभर, झाले हजार.

हिशेब हृदयासाठी चोख आहे. १८ जून १९७२ला लंडनजवळ स्टेन्सला ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडेंट पडलं आणि ११८ माणसं गेली. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमनीचा विकार निघाला आणि चौकशीने तो अपघाताच्या मुळाशी असलेल्या कारणांत धरला. त्यानंतर शेजारचा पायलट गळपटला तर काय करायचं याचं प्रशिक्षण जगभर गांभीर्याने घेतलं जाऊ लागलं. हृदयविकार आलेला माणूस खुर्चीत कोसळतो. तो दुसऱ्याला बाहेर कोंडत नाही.

मानसिक आजार त्याच एक टक्क्यात बसवला की गणितातला तो हजाराचा भागाकारच गळून पडतो. दुसरा पायलट आहे म्हणून जोखीम कमी झाली असं धरलं होतं. इथे तो दुसरा पायलट दाराबाहेर उभा होता. बीईएने हे स्पष्ट लिहिलं आहे: मानसिक विकारांमुळे होणाऱ्या अक्षमतेसाठी उद्दिष्ट जास्त कडक हवं, कारण दोन पायलटांचं तत्त्व तिथे वाचवत नाही. माझ्या मते अख्ख्या अहवालातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि सगळ्यात कमी चर्चा झालेलंही तेच.

२००८–०९: पहिला आजार

लुबित्सला पहिलं क्लास वन एप्रिल २००८मध्ये मिळालं, विनाशर्त. सप्टेंबरमध्ये ब्रेमेनला जर्मनविंग्जची मालक कंपनी लुफ्तान्सा हिच्या शाळेत प्रशिक्षण सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय कारणाने थांबलं. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, इस्पितळात दाखल. जानेवारी ते जुलै २००९ औषधं चालली आणि मानसोपचार ऑक्टोबरपर्यंत. एप्रिल २००९मध्ये मेडिकल नूतनीकरणाला गेलं तेव्हा लुफ्तान्साच्या वैद्यकीय केंद्राने ते नाकारलं. इथवर व्यवस्था ठणठणीत होती. आजार होता, तो कळला, पायलट जमिनीवर आला.

जुलैमध्ये उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने तो पूर्ण बरा झाल्याचं कळवलं. २८ जुलै २००९ला त्याला नवं मेडिकल मिळालं, पण एका विशेष सवलतीखाली. प्रमाणपत्रावर शेरा आला. त्याचा अर्थ असा, की नैराश्य परतलं तर हे प्रमाणपत्र रद्द.

ही सवलत देणं चूक होतं का? मला तसं वाटत नाही. नैराश्याचा एक झटका येऊन गेलेली, नंतर आयुष्यभर नीट काम करणारी माणसं असंख्य आहेत. अशा प्रत्येकाला कायमचं बाद केलं तर पुढचा माणूस डॉक्टरकडे जाणारच नाही. चूक सवलतीत नव्हती, तिच्यानंतरच्या रिकाम्या जागेत होती. शेरा दरवर्षी नव्या प्रमाणपत्रावर उतरत राहिला. परीक्षकांना जुना आजार ठाऊक होता. त्यांनी दरवर्षी त्याच्याशी बोलून, त्याचं वागणं बघून मत बनवलं आणि काळजी करण्यासारखं काही त्यांना दिसलं नाही. पण ठरावीक काळाने मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी, प्रमाणपत्राची छोटी मुदत, असं काहीही त्या सवलतीला जोडलेलं नव्हतं. रद्द होण्याची अट होती आणि नैराश्य परतलंय हे ओळखण्याची सोय नव्हती. परतल्याचं सांगणार कोण? तोच.

अमेरिकेत उड्डाणाचा भाग पुरा करण्यासाठी २०१०मध्ये त्याने तिथल्या मेडिकलचा अर्ज भरला. मानसिक आजार झाला होता का, या प्रश्नाला आधी ‘नाही’ असं उत्तर होतं, ते पुढे दुरुस्त झालं आणि खुलासा घेऊन अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने, एफएएने, प्रमाणपत्र दिलं. त्या एका खुणेत त्याच्या मनातली भीती आधीच दिसते, असं मागे वळून पाहताना म्हणता येतं. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर ते अन्यायाचं झालं असतं.

पैशाची बाजू

वैद्यकीय प्रकरणात कर्जाचा हिशेब कशाला, असं वाटेल. बीईएने तो मांडला आहे आणि तो मांडल्याशिवाय पुढचं वागणं कळत नाही.

प्रशिक्षणाच्या खर्चातला त्याचा वाटा सुमारे ६०,००० युरो होता आणि त्यासाठी त्याने सुमारे ४१,००० युरो कर्ज काढलं होतं. प्रशिक्षणाचा पुढचा भाग चालू असतानाच मधली काही वर्षं त्याने लुफ्तान्साच्या विमानांत केबिन क्रू म्हणून काम केलं. डिसेंबर २०१३मध्ये तो जर्मनविंग्जमध्ये आला आणि जून २०१४पासून सहवैमानिक म्हणून उडू लागला. अपघाताच्या दिवशी त्याचे एकूण उड्डाणतास हजाराच्याही आत होते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कायमचा अनफिट ठरला तर कंपनीच्या योजनेतून एकरकमी ५८,७९९ युरो मिळाले असते. म्हणजे कर्ज फिटलं असतं, वर थोडे उरले असते आणि पुढे उत्पन्न शून्य. उत्पन्न बुडण्याचा विमा त्याच्याकडे नव्हता. डिसेंबर २०१४च्या एका ईमेलमध्ये त्याने लिहिलं होतं, की मेडिकलवरच्या त्या सवलतीच्या शेऱ्यामुळेच असा विमा मिळायला अडचण होतेय.

हे पुन्हा एकदा वाचायला हवं. २००९मध्ये त्याने आजार लपवला नाही. तो उघड झाला, नोंदला गेला, आणि त्या नोंदीमुळेच पुढच्या आजारपणासाठीचं संरक्षण त्याच्या हाताबाहेर गेलं. दुसऱ्यांदा तोंड उघडायची वेळ आली तेव्हा किंमत पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. याने त्याच्या कृत्याचं समर्थन अजिबात होत नाही. कर्ज असलेली लाखो माणसं कोणाचा जीव घेत नाहीत. पण आजारी पायलट आजार का सांगत नाही, हा प्रश्न मनोविकाराइतकाच हिशेबाचाही आहे.

आपल्याकडे बारामतीला, गोंदियाला उड्डाण शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कर्ज काढून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना, घेतलेल्या मुलाच्या तोंडी ‘टेम्पररी अनफिट’ हे शब्द कसे येतात ते एकदा ऐकावं. डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, क्लास वनही मुदतीचंच असतं आणि दर वेळी नव्याने पास व्हावं लागतं. पायलट लोकांत त्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात आणि ते जवळ आलं की घरातलं वातावरण बदलतं. लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे उडण्याचा हक्क गेला तर भरपाई देणारा, विमा नोकरीच्या पहिल्याच महिन्यात नीट वाचून घ्या, मानसिक आजार त्यातून वगळलाय का ते बघा, एवढं त्या मुलांना सांगावंसं वाटतं.

डिसेंबर २०१४ ते मार्च २०१५

डिसेंबर २०१४पासून त्याला दिसायचं कमी झालंय असं वाटू लागलं. डोळ्यांत दोष सापडेना. तो एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात राहिला. मार्सेलचे सरकारी वकील ब्रीस रोबँ यांनी जून २०१५मध्ये सांगितलं, की पाच वर्षांत तो ४१ डॉक्टरांकडे गेला होता आणि शेवटच्या महिन्यात त्याच्या सात भेटी झाल्या होत्या.

फेब्रुवारीत एका खाजगी डॉक्टरने मनोकायिक आणि चिंताविकाराचं निदान करून त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. नैराश्यावरची औषधं आणि झोपेची गोळी सुरू झाली. १० मार्चला त्याच डॉक्टरने संभाव्य सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मनोविकार) असं लिहून मनोरुग्णालयात उपचार घ्यायला सांगितलं. सायकोसिसची शंका आलेला माणूस उड्डाणाला अयोग्य, याबद्दल जगातल्या कुठल्याच नियमावलीत दुमत नाही. पंधरवड्याने तो कॉकपिटमध्ये होता. अपघातानंतर त्याच्या अवशेषांत सिटालोप्राम, मिर्टाझापिन आणि झोपिक्लोन या औषधांचे अंश सापडले.

आता रजेचा दाखला. हा तपशील छोटा आहे, पण सगळा घोळ त्यात दिसतो. जर्मनीत तेव्हा डॉक्टर कामाला अयोग्य असल्याचा कागद रुग्णाच्या हाती देत. मालकासाठीच्या प्रतीवर निदान नसे, फक्त तारखा. ती प्रत कंपनीकडे पोचवायची कोणी, तर रुग्णाने. लुबित्सने काही दाखले दिले, काही दिले नाहीत. ड्यूसेलडॉर्फच्या सरकारी वकिलांना त्याच्या घरी फाडलेले दाखले मिळाले आणि त्यांतल्या मुदतीत अपघाताचा दिवसही येत होता. डॉक्टरांनी त्याला त्या दिवशी घरी राहायला सांगितलं होतं. कंपनीला ते ठाऊक नव्हतं. १ जानेवारी २०२३पासून जर्मनीत सरकारी आरोग्य विमा असलेल्या कर्मचाऱ्यांचे दाखले मालक विमासंस्थेकडून संगणकावरच मागवून घेतो. कागदपत्रं कमी करण्यासाठी केलेली ती सुधारणा होती, या अपघाताशी तिचा संबंध नाही. पण २०१५मध्ये ती असती तर फाडायला कागदच उरला नसता.

डॉक्टर गप्प का राहिले

उपचार करणाऱ्यांपैकी काहींना तो पायलट आहे हे माहीत होतं. त्यांतल्या कोणीही विमान प्राधिकरणाला, कंपनीला किंवा परीक्षक डॉक्टरला कळवलं नाही. बीईएच्या तपासकर्त्यांशी बोलायलाही या डॉक्टरांनी नकार दिला; तो त्यांचा कायदेशीर हक्क होता.

जर्मन दंडसंहितेचं कलम २०३ रुग्णाचं गुपित फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगतं. कलम ३४ म्हणतं, तातडीचा धोका टाळण्यासाठी नाइलाजाने कायदा मोडला तर तो गुन्हा नाही. म्हणजे वाट होती. पण तातडीचा धोका कशाला म्हणायचं, ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं. समोर बसलेला, नीट बोलणारा, मला झोप येत नाही म्हणणारा तरुण सार्वजनिक धोका आहे का? आणि आपण कळवलं, त्याची नोकरी गेली, आणि तो म्हणाला धोका नव्हताच, तर? बीईएचा अंदाज असा, की गप्प राहण्यापेक्षा बोलण्यातच डॉक्टरांना स्वतःला जास्त जोखीम दिसली असणार. मला हा अंदाज पटतो. स्वतःच्या बचावाचा विचार करणारा डॉक्टर वाईट असतोच असं नाही. कायद्याने त्याला तिथे उभं केलेलं असतं.

याचं सोपं उत्तर कॅनडात आहे. तिथल्या विमानविषयक कायद्याप्रमाणे पायलटाने डॉक्टरला आपण पायलट असल्याचं सांगायचं आणि उड्डाणसुरक्षेला बाधक काही आढळलं तर डॉक्टरने प्राधिकरणाला कळवायचं. ऐकायला ठीक वाटतं. पण मग आजार लपवणारा पायलट डॉक्टरपासून आपला व्यवसायही लपवेल, किंवा डॉक्टरकडे जाणारच नाही. जर्मन डॉक्टरांच्या संघटनेने गोपनीयता सैल करायला विरोध केला तो याच मुद्द्यावर, आणि त्यात तथ्य आहे. तरी ‘संभाव्य सायकोसिस’ आणि ‘पायलट’ हे दोन शब्द एकाच डॉक्टरच्या नोंदीत आले, तर तिथे तरी संदिग्धता नको होती. सगळ्यांसाठी सक्तीचं कळवणं आणि काहीच न कळवणं, यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे.

आणखी चाचण्या लावल्या असत्या तर

अपघातानंतर पहिली मागणी हीच आली: पायलटांच्या मानसिक चाचण्या कडक करा. लोकांना ते आवडतं, कारण ते काहीतरी केल्यासारखं दिसतं.

त्याचं मेडिकल जुलै २०१४मध्ये झालं आणि लक्षणं डिसेंबरमध्ये सुरू झाली. जगातली सर्वोत्तम चाचणी जुलैमध्ये घेतली असती तरी हाती काय लागलं असतं? शिवाय उत्तरं काय द्यायची हे ज्याला कळतं आणि खरं उत्तर दिलं तर नोकरी जाते हेही कळतं, त्याच्यावर प्रश्नावली चालत नाही. डिसेंबर २०१६मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी पायलटांचं एक निनावी सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. उत्तरं देणाऱ्या १,८४८ पायलटांपैकी १२.६ टक्के नैराश्याच्या निकषात बसत होते आणि ४.१ टक्क्यांनी मागच्या दोन आठवड्यांत आत्महत्येचे विचार आल्याचं लिहिलं होतं. या सर्वेक्षणाला मर्यादा आहेत, स्वतःहून उत्तर देणाऱ्यांचा नमुना नेहमी थोडा कलता असतो. पण नाव लिहायचं नसलं की पायलट बोलतात, एवढं त्यातून निश्चित कळतं. मेडिकलच्या अर्जावर नाव असतं.

बीईएने कारणं सांगताना अगदी हाच क्रम धरला आहे. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात तब्येत बिघडली तर पायलटाने स्वतः सांगायचं, ही प्रक्रिया अपयशी ठरली. ती का ठरली, तर उडण्याचा हक्क जाईल ही भीती, उत्पन्नाचा विमा नाही, आणि गोपनीयता कुठे मोडायची याचे स्पष्ट नियम नाहीत. तपासणी कमी पडली असं तिथे म्हटलेलं नाही.

नंतर काय बदललं

लगेच बदललं ते दार. २७ मार्चलाच, अपघाताला तीन दिवस होत असताना, युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने, ईएएसएने, कॉकपिटमध्ये कायम दोन माणसं ठेवण्याची तात्पुरती शिफारस केली. अमेरिकेतल्या कंपन्यांत ही पद्धत आधीपासून होती. पुढच्या वर्षी ईएएसएने ती सैल करून निर्णय कंपन्यांवर सोडला आणि २०१७मध्ये लुफ्तान्सा गटाने ती बंदच केली. दार वारंवार आणि जास्त वेळ उघडं राहतं, हा नवा धोका, असं त्यांचं म्हणणं. वाचकाला हे धक्कादायक वाटेल. मला फारसं वाटलं नाही. त्या दुसऱ्या माणसाकडून नेमकं काय अपेक्षित होतं, हे कधी धड ठरलंच नव्हतं.

खरं काम सावकाश झालं. युरोपीय नियम २०१८/१०४२ आला. नोकरीवर घेण्याआधी पायलटाचं मानसशास्त्रीय मूल्यमापन, प्रत्येक कंपनीत पायलटांसाठी आधार कार्यक्रम, आणि अचानक घेतल्या जाणाऱ्या मद्यचाचण्या. तो ऑगस्ट २०२०मध्ये लागू व्हायचा होता, कोविडमुळे फेब्रुवारी २०२१ उजाडलं.

यातला आधार कार्यक्रम मला सगळ्यात कामाचा वाटतो. झोप लागत नसेल, घरात कटकट असेल, दारू वाढली असेल, तर पायलटाने आधी दुसऱ्या प्रशिक्षित पायलटाशी बोलायचं. समोरचाही तेच मेडिकल, तोच रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), तोच हप्ता जगलेला असतो. बहुतेक प्रकरणं तिथेच वेळेवर उपचाराच्या रस्त्याला लागतात आणि पायलट काही काळ स्वतःहून जमिनीवर राहतो. गंभीर असेल तर पुढे तज्ज्ञ असतात. अशी व्यवस्था जर्मनीत नव्हती असं नाही. लुफ्तान्साच्या पायलटांना ती उपलब्ध होती. लुबित्सने ती वापरली नाही.

औषधांच्या बाबतीत अमेरिकेने थोडं आधीच पाऊल टाकलं होतं. एप्रिल २०१०मध्ये एफएएने नैराश्यावरच्या चार औषधांना विशेष परवानगीखाली मान्यता दिली: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम. त्याबरोबर सहा महिन्यांची खिडकी उघडली. या काळात आधी लपवलेलं निदान सांगा, लपवल्याबद्दल कारवाई करणार नाही. ही कल्पना मला अजूनही शहाणपणाची वाटते. औषधाला बंदी होती म्हणून आजारी पायलट उडायचे थांबत नसत. काही जण औषध सोडून उडत, काही औषध लपवून उडत, आणि दोन्हीपेक्षा नोंदवून, नियमित घेऊन उडणारा पायलट जास्त सुरक्षित.

ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेत ड्युटीवर नसलेल्या, कॉकपिटमध्ये जादा खुर्चीवर बसलेल्या एका पायलटाने चालू विमानाची इंजिनं बंद करण्याचा प्रयत्न केला. विमान वाचलं. नैराश्यावर मदत घ्यायला आपण घाबरत होतो, असं त्याने पुढे सांगितलं. त्यानंतर एफएएने समिती नेमली आणि एप्रिल २०२४मध्ये तिच्या २४ शिफारशी आल्या. त्यांचाही रोख तोच: तोंड उघडल्याची शिक्षा कमी करा.

जबाबदार कोण, हे न्यायालयात

मृतांच्या काही नातेवाइकांनी लुफ्तान्सावर खटला भरला. म्हणणं असं, की उड्डाणशाळेच्या आणि कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला पुरेसं तपासलं नाही. जुलै २०२०मध्ये एसेनच्या न्यायालयाने दावा फेटाळला आणि सप्टेंबर २०२१मध्ये हामच्या वरिष्ठ न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. दोन्हींचा आधार एकच होता. पायलटाची वैद्यकीय तपासणी हे हवाई सुरक्षेचं, म्हणजे सरकारचं काम आहे. परीक्षक डॉक्टर कोणाच्याही पगारावर असो, प्रमाणपत्रावर सही करताना तो सरकारच्या वतीने करतो. त्यामुळे त्याच्या हलगर्जीपणाबद्दल दाद मागायची तर ती कंपनीकडे नाही, राज्यसंस्थेकडे.

तपासणारे डॉक्टर सरकारचे ठरले, उपचार करणारे रुग्णाचे, रजेचा कागद रुग्णाच्या खिशात, आणि रोस्टर कंपनीच्या हातात. २००९मध्ये ज्याने मेडिकल नाकारलं ते केंद्र आणि १० मार्च २०१५ला ज्याने मनोरुग्णालयाचा सल्ला दिला तो डॉक्टर, यांच्यात एकदाही संपर्क झाला नाही. तो व्हावा असं सांगणारा नियमही तेव्हा नव्हता. बीईएच्या शिफारशींत यावर दोन गोष्टी आहेत: मानसिक आजाराचा इतिहास असलेल्याला क्लास वन देताना पुढच्या पाठपुराव्याच्या अटी, गरज असेल तर छोटी मुदत आणि मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, प्रमाणपत्राबरोबरच ठरवून द्याव्यात, आणि कंपन्यांनी अनफिट ठरलेल्या पायलटाचं उत्पन्न बुडण्याची भीती कमी करण्याचे उपाय करावेत. पहिली नियमावलीत बसवता येते. दुसरीला पैसे लागतात आणि ते कोणी द्यायचे यावर कंपन्या, संघटना आणि विमावाले यांची रस्सीखेच चालू आहे.